व्ह्यूफाइंडर आणि चाळिशी

पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात भल्या पहाटे मोरांची वाट पाहणारे हौशी छायाचित्रकार असोत, की लग्नसराईत गेवराई-माजलगावच्या मांडवांतून दिवसभर कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहणारे व्यावसायिक असोत, चाळिशी उलटली म्हणजे त्यांची तक्रार बहुधा एकच असते: चष्मा काढावा तर व्ह्यूफाइंडरमधले चित्र धूसर, आणि लावावा तर चौकटीचे कोपरे दिसेनासे होतात.

वाचकहो, डोळा व्ह्यूफाइंडरला अगदी भिडलेला असला, तरी आतली प्रतिमा सुमारे 1 मीटर अंतरावर भासावी, अशीच भिंगांची योजना बहुतेक कॅमेऱ्यांत केलेली असते; सबब हातातल्या पुस्तकासाठी दिलेला वाचनाचा चष्मा येथे उपयोगी नाही, आणि नेत्रभिंगाची लवचिकता क्षीण झालेल्या उतारवयात निव्वळ दूरचा चष्माही पुरत नाही, तर त्यावर सुमारे +1 डायॉप्टरची भर घालावी लागते, जिची तजवीज व्ह्यूफाइंडरशेजारच्या लहानशा चाकात केलेली असते.

हे चाक लावताना कॅमेरा उजळ, कोऱ्या भिंतीकडे धरावा, समोरच्या दृश्याकडे लक्ष न देता चौकटीतील आकडे व खुणा पाहाव्यात, आणि चाक अधिकाच्या टोकापासून उण्याकडे सावकाश आणीत, आकडे प्रथम जेथे ठसठशीत दिसतील तेथेच थांबावे. त्यापुढे गेल्यास, विशेषतः तरुण डोळा, स्वतःच जोर लावून प्रतिमा स्पष्ट ठेवतो आणि संध्याकाळी कपाळ दुखू लागते. आरशाच्या (एसएलआर) कॅमेऱ्यातून सूर्याकडे मात्र कदापि पाहू नये, कारण दृक्पटल जळताना वेदना होत नाही.

चाकाने साधा उणे-अधिक नंबर भागतो, सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर, भागत नाही. चष्म्याच्या चिठ्ठीत सिलिंडरचा आकडा 1 किंवा अधिक असेल, तर चष्मा लावूनच छायाचित्रण करावे, फ्रेम डोळ्यालगत बसणारी घ्यावी, आणि कॅमेरा विकत घेतेवेळी चष्म्यासह चारही कोपरे दिसतात की नाही, हे दुकानातच पडताळावे. कॉन्टॅक्ट लेन्स हा उत्तम पर्याय खरा. परंतु आपल्याकडील उन्हाळ्याच्या धुळीत आणि हात धुण्यास पाणी नसलेल्या रानात तो मी सहसा सुचवीत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा असल्यास काचेच्या वरच्या भागातून पाहूनच चाक मुक्रर करावे.

चाक वारंवार बदलावे लागत असेल, तर दोष कॅमेऱ्याचा न मानता रक्तातील साखर आणि मोतीबिंदू यांची तपासणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात करून घ्यावी, आणि साखर आटोक्यात येऊन स्थिरावेपर्यंत नव्या चष्म्यावर पैसे खर्चू नयेत.