धुपाटण्याच्या पोटात बघावं

मोडनिंब हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेही इथूनच जाते. 1906 साली बार्शी लाइटची छोटी गाडी पंढरपूरपर्यंत गेली, तेव्हापासून माणसांबरोबर भांडीही या वाटेने फिरत आली. पंढरपूरच्या पेठेतलं पितळ, सोलापूरकडच्या ऊददाण्या, बिदरचं काळं काम, सगळं कधी ना कधी आमच्या भागातल्या फडताळांत शिरलं. धूप जाळायची ही जुनी भांडी मी बरीच वर्षं जमवतोय. त्यातून जे कळलं ते लिहितो.

1. आधी पोटात बघावं. बाहेरची नक्षी सगळेच बघतात, पण भांड्याचं आयुष्य वाटीच्या आत कळतं. रोज निखारा पडलेला तळ काळपटून जातो, काठाला काजळीचा थर बसतो, राळ वितळून सांडली असेल तर काळे चकचकीत ओघळ दिसतात. बोट फिरवलं की राखेची बारीक पूड हाताला लागते. मग मूठ बघावी. नागफणीची मूठ असेल तर फण्यावरचे खवले अंगठा टेकतो तेवढ्याच जागी झिजून सपाट झालेले असतात. बाजूचे खवले मात्र नखाला टोचतात. तिन्हीसांजेला भांडं हातात धरून देवघरापासून गोठ्यापर्यंत फिरवलं, त्याची ही खूण. खोटं जुनेपण सगळीकडे सारखं असतं. रसायन लावून हिरवा केलेला नग खाचेतही हिरवा आणि मुठीवरही हिरवा. जिथे रोज हात लागतो तिथे कळंक धरत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ नग बाजूला पडतात.

2. घासू नये. ही गोष्ट मी पाहुण्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पितळ दिसलं की आपल्याकडे हात आपोआप चिंचेकडे जातो. वापरातलं भांडं खुशाल घासावं. संग्रहातलं मात्र कोरड्या सुती फडक्याने पुसावं, खाचेतली धूळ मऊ कुंचल्याने काढावी आणि थांबावं. बिदरीच्या बाबतीत तर घासणं म्हणजे नासधूसच. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर चांदी जडवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर लावून जमीन काळी करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. तो काळेपणा कारागिराने मुद्दाम आणलेला आहे.

जपानी धूपपात्रांचं हेच आहे, आणि त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. त्यांना कोरो म्हणतात. पुष्कळांना तीन पाय, दोन कान, जाळीचं झाकण आणि झाकणावर सिंह असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटांच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. धातूकामाची आवड असणाऱ्याने त्या सावकाश बघाव्यात. 1876 साली जपानी सरकारने सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली. तलवारीच्या मुठी आणि साज घडवणाऱ्यांचं गिऱ्हाईक एकदम गेलं. त्यांतल्या अनेकांनी तेच हात फुलदाण्या आणि कोरोंकडे वळवले, आणि हा माल युरोप-अमेरिकेच्या प्रदर्शनांत गेला. सुझुकी चोकिचीचं मोरांचं भव्य धूपपात्र 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं होतं; आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हे कारागीर तांब्यात थोडं सोनं मिसळून शाकुदो नावाचा धातू करत आणि रसायनाच्या पाण्यात उकळून त्याला निळसर काळा रंग आणत. त्यावर पॉलिश मारलं की ज्यासाठी तो धातू घडवला तेच निघून जातं. बिदरचा आणि जपानचा कारागीर एकमेकांना भेटले नसतील, पण धातूचा काळा रंग ही शोभा आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

3. मोडीच्या दुकानाशी ओळख ठेवावी. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत जुनं पितळ मोडीत घालून स्टील घेतलं जातं. काट्यावर गेलेलं धुपाटणं किलोच्या भावाने भट्टीत जातं. दुकानदाराला आधी सांगून ठेवलं तर तो असा नग बाजूला काढून ठेवतो. भाव करताना घासाघीस करावी, पण मोडीच्या भावापेक्षा चार पैसे जास्तच द्यावेत. पुढचा नग वाचतो.

4. चुंबक खिशात असावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तळाशी न दिसेल अशा जागी जुना ओरखडा शोधावा; आत पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतकाम. झाकण त्याच भांड्याचं आहे का हे फिरवून बघावं. जपानी नग असेल तर बुडाला भोक पाडलंय का तेही बघावं, कारण विजेचा दिवा करण्यासाठी अशी भांडी परदेशात सर्रास भोसकली गेली.

5. घातलेल्या नावावर एकदम विश्वास ठेवू नये. आपल्याकडे भांड्यावर ठोक्या-ठोक्याने नाव, गाव, तारीख घालतात. ते वाचायला मोठी गोडी वाटते, पण नाव विकत घेतल्यावर घातलेलं असतं, घडवताना नव्हे. चीनमध्ये 1426 ते 1435 या काळात राज्य केलेल्या श्वेंद बादशहाचा शिक्का पुढे शतकानुशतके धूपपात्रांवर मारला गेला, जपानमध्येही. शिक्का जुना म्हणून भांडं जुनं ठरत नाही.

6. देवळातली वस्तू घेऊ नये, कितीही स्वस्त मिळो. पुरावस्तूंचा 1972 चा कायदाही वाचून ठेवावा. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते.

7. वस्तूबरोबर तिची हकीकत घ्यावी. पुण्याचे दिनकर केळकर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या जमवत गेले. 1975 साली त्यांनी तो सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. राजवाड्यातल्या वस्तूंइतकाच मान त्यांनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंना दिला, म्हणून राजा केळकर संग्रहालयात हिंडताना आपल्या आज्यांची घरं दिसतात. मी प्रत्येक नगाला चिठ्ठी बांधतो: कुठल्या गावचा, कुणाच्या माहेरचा, कशासाठी वापरायचे. जवळच्या एका वस्तीवर एका आजींकडे लहानसं, तीन पायांचं, कान तुटलेलं धुपाटणं मिळालं. मी म्हटलं, "आजी, देवापुढचं हाय का?" त्या म्हणाल्या, "देवाचं येगळं हाय. ह्याच्यात ओवा अन् बाळंतशोपा टाकायचो. माझ्या समद्या पोरांची धुरी ह्याच्यातच झालीया, अन् नातवंडांची बी." नाक आत घातलं तर ओव्याचा वास अजून येत होता. चिठ्ठीवर त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, आणि ते भांडं मी उदासाठी वापरत नाही.