बिल्ड यशस्वी, तरी रॅम अपुरी

एम्बेडेड प्रोग्रामचा बिल्ड विनातक्रार पूर्ण झाला की तो उपकरणाच्या मेमरीत मावला, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात लिंकर हमी देतो ती केवळ स्थिर मेमरीची, म्हणजे प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच जिचे माप आणि पत्ता ठरलेला असतो अशा जागेची. प्रोग्राम चालू असताना स्टॅक किती खोल जाईल, हे तो जाणत नाही. म्हणून स्थिर मेमरीच्या विश्लेषणात किती जागा वापरली गेली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व उरलेली जागा कशाकशाला पुरवायची आहे या प्रश्नाला द्यावे लागते.

हा हिशेब तीन विभागांवर उभा असतो. ‘टेक्स्ट’ या विभागात सूचना असतात, त्यांच्यासोबत बहुधा न बदलणारी माहितीही असते, आणि तो फ्लॅशमध्ये राहतो. ‘डेटा’ विभागात आरंभीचे मूल्य दिलेली ग्लोबल व स्टॅटिक व्हेरिएबल्स असतात. त्यांची मूल्ये फ्लॅशमध्ये साठवून सुरुवातीला रॅममध्ये उतरवली जात असल्याने हा विभाग दोन्हीकडे जागा घेतो. ‘बीएसएस’ विभागातील व्हेरिएबल्सचे आरंभीचे मूल्य शून्य असते, त्यामुळे त्यांचा भार फक्त रॅमवर पडतो. साहजिकच फ्लॅशसाठी टेक्स्ट आणि डेटा यांची, तर रॅमसाठी डेटा आणि बीएसएस यांची बेरीज धरावी लागते. ‘साइझ’ ही कमांड अखेरीस जी तिन्हींची एकत्रित बेरीज दाखवते, ती यांपैकी कशाचेच माप नसते.

या एकत्रित बेरजेवर विसंबल्याने काय घडते, हे 32 किलोबाइट फ्लॅश आणि अवघी 2 किलोबाइट रॅम असलेल्या एटीमेगा328पी या मायक्रोकंट्रोलरवर स्पष्ट दिसते. टेक्स्ट 14,620, डेटा 452 आणि बीएसएस 1,346 बाइट असे आकडे आले, तर 16,418 ही बेरीज पाहून निम्मी जागा मोकळी असल्याचे वाटते. परंतु रॅमचे 2,048 पैकी 1,798 बाइट आधीच अडकलेले असतात आणि स्टॅकच्या वाट्याला 250 बाइट येतात. एखाद्या फंक्शनने मजकूर जुळवण्यासाठी 128 बाइटचा लोकल बफर घेतला, की उरलेल्या 122 बाइटमध्ये तो मजकूर जुळवणाऱ्या स्प्रिंटएफ या फंक्शनची स्वतःची गरज, परतीचे पत्ते आणि त्याच क्षणी आलेल्या इंटरप्टने जतन केलेले रजिस्टर हे सारे बसवावे लागते. ते बसले नाही, तर रॅमच्या वरच्या टोकाकडून खाली वाढणारा स्टॅक बीएसएसमधील व्हेरिएबल्सवर लिहू लागतो, आणि हे रोखणारी कोणतीही यंत्रणा या चिपमध्ये नसल्याने मोजणीचा एखादा आकडा अधूनमधून आपोआप बदलतो. दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधला जातो, आणि मूळ कारण मात्र बिल्डच्या आकड्यांत पहिल्या दिवसापासून समोर असते.

शोधाची सुरुवात लिंकरच्या मॅप फाइलपासून करावी, कारण कोणते व्हेरिएबल कोणत्या पत्त्यावर बसले आणि लायब्ररीतील कोणता भाग कोणामुळे ओढला गेला, याची नोंद तिच्यात असते. त्यानंतर ‘एनएम’ या कमांडने चिन्हांची आकारानुसार यादी काढली, की मोठे ग्राहक समोर येतात. उदाहरणार्थ, माहितीतील चुका पकडणाऱ्या सीआरसीसाठी 256 नोंदींचा 16 बिटी तक्ता 512 बाइट घेतो. एसटीएम32 सारख्या एआरएम चिपवर त्याच्यापुढे ‘कॉन्स्ट’ लिहायचे राहिले, तर तो फ्लॅशसोबत रॅमही अडवतो, आणि ‘कॉन्स्ट’ लिहिल्यावर फक्त फ्लॅशमध्ये राहतो. एटीमेगा328पीवर मात्र तेवढे पुरत नाही, कारण तिथे प्रोग्राम आणि डेटा यांचे पत्ते वेगळे असल्यामुळे ‘कॉन्स्ट’ तक्ता आणि अवतरणातील मजकूरही रॅममध्ये उतरतो. चाळीस अक्षरांचे दहा इंग्रजी संदेश शेवटच्या शून्यासह 410 बाइट, म्हणजे रॅमचा पाचवा हिस्सा, खातात. ते ‘प्रोग्मेम’ वापरून फ्लॅशमध्येच ठेवावेत आणि लागतील तसे वाचावेत.

यानंतर उरलेल्या जागेची परीक्षा घ्यावी. जीसीसीचा स्टॅक-युसेज हा पर्याय प्रत्येक फंक्शनला लागणारा स्टॅक सांगतो, आणि हाकांची सर्वांत खोल साखळी धरून, तिच्यात इंटरप्टचा भार मिळवून, एकूण गरज काढता येते. मात्र स्वतःलाच हाक मारणारी फंक्शन्स आणि फंक्शन पॉइंटर यांपुढे ही बेरीज थांबते. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या दहा नियमांत स्वतःला हाक मारणाऱ्या फंक्शन्सना आणि आरंभीच्या तयारीनंतर नव्याने मेमरी मागण्याला मनाई आहे, ती मेमरीची कमाल मर्यादा आधीच सिद्ध करता यावी यासाठीही. याच्या जोडीला मोकळी रॅम ठरावीक मूल्याने भरून, प्रोग्राम दीर्घकाळ चालवून, ते मूल्य कुठपर्यंत पुसले गेले हे तपासावे. पण ही मोजणी फक्त चाललेल्या मार्गांचीच असते, म्हणून ती हिशेबाची जागा घेऊ शकत नाही.

हे सारे दोष उद्भवल्यावर करण्यापेक्षा प्रत्येक बिल्डच्या वेळी करणे कितीतरी स्वस्त पडते. तिन्ही विभागांचे आकडे कोडच्या प्रत्येक बदलासोबत नोंदवावेत, स्टॅकसाठी किमान राखीव जागा लेखी ठरवावी, आणि ती कमी होताच बिल्ड अयशस्वी ठरेल अशी तपासणी स्वयंचलित करावी. तसे केल्यास कोणत्या बदलाने किती बाइट नेले हे त्याच दिवशी कळते, आणि ज्याने तो बदल केला त्याच्याच हातून, संदर्भ ताजा असताना, दुरुस्ती होते.