खरे ठरले म्हणून ग्राह्य?

भविष्य सांगणाऱ्याकडे जाणारा हमखास म्हणतो, ‘त्याचे बोलणे खरे ठरले.’ ख्रिस्ती धर्मग्रंथाने हा मुद्दा फार पूर्वीच हाताळला आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात फिलिप्पै नगरातील एक दासी येते. तिच्या अंगात भविष्य वदविणारा आत्मा होता आणि त्यावर तिचे धनी पैसा मिळवीत. पौल व त्याचे सोबती परात्पर ईश्वराचे सेवक आहेत, असे ती अनेक दिवस ओरडत राहिली. पौलाच्या दृष्टीने हे खरेच होते. तरीही त्याने तो आत्मा हुसकावून लावला. धनी संतापले, ते मिळकत बुडाली म्हणून!

शौल राजाने (कुरआनातील तालूत, पुढील प्रसंग मात्र कुरआनात नाही) मृतात्म्यांना बोलावणाऱ्यांना स्वतःच देशाबाहेर घालविले होते. युद्धाच्या तोंडावर तोच वेषांतर करून एन-दोर येथील अशा एका स्त्रीकडे गेला. तेव्हा खरोखर शमुवेलच वर आले, असे ओरिगेन मानतो. निस्सा येथील ग्रेगरीच्या मते तो सैतानी बहुरूपी होता. वाद एवढाच. शौलाने तेथे जावयास नको होते, याविषयी दोघांत दुमत नाही.

आपल्या हदीसमध्येही काहिनाच्या एका खऱ्या शब्दात शंभर असत्ये मिसळलेली असतात, असे आले आहे. तो एक शब्द खरा असतो, हे तेथेही नाकारलेले नाही.