जुनी मिनीव्हॅन की प्लग-इन हायब्रिड? – मत आणि माहिती



अमेरिकेतल्या गाडीमालकांची दोन मतं पाहा. जुनी मिनीव्हॅनवाला म्हणतो, “कर्ज फिटलंय, गाडी चालतेय, मग बदलू कशाला?” प्लग-इन हायब्रिडवाला म्हणतो, “माझं पेट्रोल वाचतं.” खरं कोणाचं?

माहिती अशी : २०१७ची क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिड पूर्ण चार्जवर सुमारे ५३ किलोमीटर विजेवर धावते, पुढे पेट्रोल लागतं. म्हणजे रोज ४० किलोमीटर फिरून रात्री घरी चार्ज करणाऱ्याचं पेट्रोल खरंच वाचतं. पण घरी चार्जिंगची सोयच नसेल, तर महागड्या बॅटरीचा पुरेपूर फायदा मिळत नाही! दोघंही आपापल्या जागी बरोबर.

कृती : घरच्या गाडीचं रोजचं अंतर मुलांना आठवडाभर वहीत लिहू द्या. मत त्यानंतरच विचारा.