परवान्यानंतरचा अभ्यास : ॲक्युपंक्चर व्यवसायातील निरंतर शिक्षणाच्या अटी

आरोग्यक्षेत्रातील एखाद्या व्यवसायाचा विचार करताना प्रवेशाची पात्रता, अभ्यासक्रमाचे शुल्क आणि पुढे मिळणारे उत्पन्न यांची चौकशी बहुतेक कुटुंबे बारकाईने करतात. परवाना मिळाल्यानंतर तो टिकवण्यासाठी काय करावे लागते, हे मात्र सहसा विचारले जात नाही. ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर अतिशय बारीक सुया टोचून उपचार करण्याच्या क्षेत्रात परदेशी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रश्न प्रवेशाआधीच विचारायला हवा, कारण तेथील परवाना ठरावीक मुदतीचा असतो आणि मुदत संपताना दरम्यानच्या काळातील अभ्यासाचा हिशेब द्यावा लागतो.

या अभ्यासाला ‘निरंतर व्यावसायिक विकास’, संक्षेपाने ‘सीपीडी’, असे म्हणतात. मान्यताप्राप्त व्याख्याने, कार्यशाळा आणि अभ्यासक्रम यांना दिलेला वेळ तासांत किंवा श्रेयांकांत मोजला जातो आणि ठरलेली संख्या पूर्ण झाल्याखेरीज परवान्याचे नूतनीकरण होत नाही. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनाही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात.

कॅलिफोर्नियातील व्यवस्था

अमेरिकेत ॲक्युपंक्चरचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते, त्यामुळे अटीही राज्यागणिक बदलतात. त्यांपैकी कॅलिफोर्नियाची व्यवस्था तपशिलाने समजून घेण्याजोगी आहे. तेथे मूळ शिक्षणच किमान ३,००० तासांचे असून त्यांपैकी २,०५० तास वर्गातील अध्यापनाचे आणि ९५० तास प्रत्यक्ष रुग्णोपचाराच्या प्रशिक्षणाचे असतात. त्यानंतर राज्याची परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि एवढे झाल्यावर मिळणाऱ्या परवान्याचे दर दोन वर्षांनी, परवानाधारकाच्या जन्ममहिन्याच्या अखेरीपर्यंत, नूतनीकरण करावे लागते.

या दोन वर्षांत ५० तासांचे निरंतर शिक्षण अनिवार्य आहे. राज्याच्या ॲक्युपंक्चर मंडळाने अभ्यासक्रमांचे दोन गट केले आहेत : पहिल्या गटात रुग्णाच्या उपचाराशी थेट संबंधित विषय येतात, तर दुसऱ्या गटात दवाखान्याचे व्यवस्थापन यांसारखे उपचाराबाहेरचे विषय येतात आणि या दुसऱ्या गटातून पाचपेक्षा अधिक तास धरले जात नाहीत. कायदा आणि व्यावसायिक नीती या विषयांसाठी किमान चार तास राखून ठेवावे लागतात. शिक्षकाशी संवाद नसलेल्या, घरबसल्या पूर्ण करता येणाऱ्या अभ्यासक्रमांतून निम्म्याहून अधिक तास भरता येत नाहीत. तास पूर्ण केल्याचे निवेदन परवानाधारक स्वतःच्या सहीने देतो, परंतु मंडळ पुढे पडताळणी करू शकते. म्हणून प्रमाणपत्रे किमान चार वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे. काही काळ व्यवसाय थांबवायचा असल्यास परवाना ‘निष्क्रिय’ ठेवता येतो. त्या अवस्थेत तासांची अट लागू होत नाही, पण रुग्णांवर उपचारही करता येत नाहीत.

अन्यत्र आकडे वेगळे आहेत. फ्लोरिडात दोन वर्षांत ३० तास लागतात आणि त्यांत उपचारातील चुका टाळण्याविषयीच्या शिक्षणाचा समावेश असावा लागतो. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यक मंडळामार्फत राष्ट्रीय पातळीवर नोंदणी होते आणि वर्षाला किमान २० तासांची अट असते. अमेरिकेत राज्याच्या परवान्याखेरीज राष्ट्रीय प्रमाणनही असते, ज्यासाठी चार वर्षांत ६० गुण मिळवावे लागतात. परवाना आणि प्रमाणन यांचे हिशेब स्वतंत्र असल्याने एखादा अभ्यासक्रम दोन्हीकडे धरला जातो की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वीच पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

या अटी कशासाठी?

खांद्याच्या माथ्यावर, मान आणि खांद्याचे टोक यांच्या मध्यावर ‘जियानजिंग’ हा बिंदू आहे. मान व खांद्याच्या दुखण्यासाठी तो वारंवार वापरला जातो, मात्र त्याच्या खालीच फुफ्फुसाचा वरचा भाग असतो. विशेषतः कृश रुग्णात सुई थोडी अधिक खोल किंवा चुकीच्या कोनात गेली, तर फुफ्फुसाभोवती हवा साठून श्वास अडखळू शकतो. बिंदूचे स्थान पाठ असणे येथे पुरेसे नसते. समोरच्या रुग्णाच्या शरीरयष्टीप्रमाणे खोली आणि कोन ठरवण्याचे कौशल्य पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे लागते. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर रक्तस्रावाचा विचारही करावा लागतो, आणि अशी नवी औषधे पदवीनंतरही बाजारात येतच राहतात.

निर्जंतुकतेचा धडा या व्यवसायाने मोठी किंमत मोजून घेतला आहे. १९८४ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील एका ॲक्युपंक्चर दवाखान्यातून ३५ रुग्णांना हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची लागण झाली होती. एकदाच वापरून टाकून देण्याच्या निर्जंतुक सुया, हात धुण्याची शिस्त आणि वापरलेल्या सुयांसाठी टणक बंद डबा या गोष्टी आज प्राथमिक मानल्या जातात. तरीही रोजच्या घाईत सवयी सैल पडू नयेत, यासाठी त्यांची उजळणी आवश्यक असते.

पुराव्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. काही प्रकारच्या दीर्घकालीन वेदना आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांबाबत ॲक्युपंक्चरच्या उपयोगाला संशोधनाचा आधार मिळाला आहे; अनेक इतर आजारांबाबत मात्र दावे पुराव्याच्या पुढे धावतात. नवे संशोधन वाचणारा उपचारक रुग्णाला खोटी आशा दाखवत नाही आणि गरज पडताच योग्य तज्ज्ञाकडे पाठवतो. निरंतर शिक्षणाचे खरे फळ हेच आहे.

विद्यार्थी आणि पालकांसाठी

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम असून त्यान्वये परिषदेची तरतूद आहे. २०१९ मध्ये केंद्र शासनानेही या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तथापि एका ठिकाणची नोंदणी दुसरीकडे आपोआप चालत नाही आणि काही महिन्यांची पदविका कॅलिफोर्नियातील ३,००० तासांची जागा घेऊ शकत नाही. म्हणून कोठे व्यवसाय करायचा हे आधी ठरवावे, तेथील मंडळाचे चालू नियम मूळ स्वरूपात वाचावेत आणि मगच महाविद्यालय निवडावे. मान्यता कोणत्या संस्थेची आहे, त्या शिक्षणावर कोणत्या परवाना परीक्षेला बसता येते, प्रत्यक्ष रुग्णोपचाराचे तास किती आहेत आणि संशोधन वाचायला शिकवले जाते का, या प्रश्नांची उत्तरे प्रवेशापूर्वी लेखी मागण्यास पालकांनी संकोच करू नये.

खर्चाचा अंदाजही परवान्यापाशी थांबू नये. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्याला अभ्यासक्रमाचे शुल्क भरावे लागते आणि त्या दिवसांचे उत्पन्नही सोडावे लागते. मात्र दोन वर्षांत ५० तास म्हणजे महिन्याला सरासरी दोन तासांहून थोडे अधिक; मुदतीच्या तोंडावर धावपळ करण्याऐवजी ते आरंभापासून विभागून घेतले, तर ओझे जाणवत नाही आणि विषयही आवडीने निवडता येतात. रुग्णनोंदी नीट लिहिणे, शोधनिबंध चिकित्सकपणे वाचणे आणि प्रमाणपत्रे तारखेनुसार लावून ठेवणे या सवयी विद्यार्थीदशेतच लागल्या, तर पुढची वाट सोपी होते.

पदवीबरोबर पुस्तके मिटतील अशी ज्याची अपेक्षा आहे, त्याने या व्यवसायाचा फेरविचार करणे हिताचे ठरेल. ज्याला मानवी शरीराविषयी टिकाऊ कुतूहल आहे आणि चाळिशीतही विद्यार्थी म्हणून वर्गात बसण्यात कमीपणा वाटत नाही, त्याच्यासाठी तासांची ही अट रुग्णाचा विश्वास कमावण्याचा मार्ग आहे. आपल्या पाल्याच्या ठायी ही वृत्ती आहे की नाही, याचा विचार पालकांनी शुल्काच्या हिशेबाआधी करावा.