हरकत म्हणजे काय?

‘काही हरकत नाही’ हे शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो. पण जिथे हरकत घ्यायची, तिथे गप्प बसतो. लोणंद परिसरातील कर्जप्रकरणे पाहताना आम्हांस कळते की, वडिलांमागे झालेल्या वारसनोंदीत बहिणीचे नाव राहून गेले आणि तिने वेळेत काहीच म्हटले नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५० अन्वये फेरफार नोंदीची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत हरकत घेता येते. ती तोंडीही चालते. तलाठ्याने लेखी पोच द्यावयाची असते.

हरकत म्हणजे भांडण नव्हे. आपला हक्क कारणासह, मुदतीत सांगणे म्हणजे हरकत. मात्र तिला पुरावा लागतो. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेण्यास महाडच्या काही सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टात हरकत घेतली. अस्पृश्यांना मज्जाव करणारी वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेब जिंकले.

विद्यार्थी बंधु-भगिनींनो, वाचल्याशिवाय सही करू नका. हरकत असेल तर मुदतीत नोंदवा आणि पोच जपून ठेवा.