भिंतींची साक्ष

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, एका अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून वेगळे केलेले दीव हे छोटेसे बेट आहे. पावसाळा सोडला तर तेथे बहुधा लख्ख ऊन असते. पर्यटक एक-दोन दिवसांसाठी येतात, नागवा येथील समुद्रकिनारा पाहतात, किल्ल्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात आणि परततात. पुढे काही वर्षांनी त्या छायाचित्रांतील चेहरे ओळखू येतात. मागची वास्तू कोणती, हे मात्र कोणालाच आठवत नाही.

वास्तविक त्या वास्तूला सांगण्यासारखे पुष्कळ असते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी करार झाल्यावर १५३५ मध्ये पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधण्यास आरंभ केला. १५३८ आणि १५४६ मध्ये त्याला वेढे पडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी दीव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. या चार शतकांच्या खुणा गावभर विखुरल्या आहेत. सेंट पॉल चर्चच्या दर्शनी भागावर नाजूक नक्षी आहे. सेंट थॉमस चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. जुन्या तटबंदीच्या झांपा दरवाजावर सिंहांची शिल्पे कोरलेली आहेत.

या खुणा कायम टिकणाऱ्या नाहीत. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतात. ओलावा सुकला की त्यांचे स्फटिक बनतात, ते फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. घरांची कथा वेगळी आहे. दीवमधील अनेक कुटुंबे पोर्तुगाल, मोझांबिक, इंग्लंड अशा दूरदेशी गेली. माणसांचा वावर थांबलेल्या घराची डागडुजी लांबते आणि एखाद्या पावसाळ्यात त्याचा सज्जा ढासळतो. अशा वेळी कोण्या प्रवाशाने सहज टिपलेले छायाचित्रही त्या सज्जाची शेवटची साक्ष ठरू शकते.

मात्र साक्ष विश्वासार्ह हवी. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइल फोनही पुरतो. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना पांढऱ्या भिंती डोळे दिपवतात आणि भिंतीवरचे बारकावे हरवतात. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे पडले की उठावाच्या कामाला सावली मिळते व नक्षी स्पष्ट दिसते. चुन्याची पांढरी भिंत चौकटभर असेल, तर कॅमेरा उजेडाचा चुकीचा अंदाज करतो आणि भिंत करडी उमटते. तेव्हा प्रकाशमान थोडे वाढवावे. कॅमेरा वर झुकवला की चर्चचे मनोरे मागे कलल्यासारखे दिसतात. शक्य तेवढे मागे सरकून तो सरळ धरावा. एक छायाचित्र संपूर्ण वास्तूचे आणि एक जवळून, असे दोन्ही घ्यावेत. दाराशेजारी माणूस उभा असेल, तर दाराची उंची कळते.

जुने घर हे कोणाचे तरी घर असते. अंगणात बसलेल्या आजींचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्यांची परवानगी मागणे हा साधा शिष्टाचार आहे. अनेकदा त्या परवानगीबरोबर घराची हकीकतही मिळते, आणि ती कॅमेऱ्यात मावणारी नसते. ती वहीत उतरवावी. वास्तूचे नाव, ठिकाण आणि दिनांक यांची नोंदही त्याच दिवशी करावी. नोंद नसलेले चित्र कितीही सुंदर असले, तरी काही वर्षांनी मुके होते.

म्हणून जाणकार प्रवासी आधी काही क्षण वास्तूपुढे नुसता उभा राहतो. भिंत कोणत्या दगडाची आहे, खिडकी कोठे बुजवली आहे, तडा कोठून निघाला आहे, हे तो पाहतो. मगच त्याचा हात कॅमेऱ्याकडे जातो.

स्वाध्याय
१. दीवमधील जुन्या वास्तूंची झीज कोणत्या कारणांनी होते?
२. ‘नोंद नसलेले चित्र मुके होते’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एका जुन्या वास्तूचे निरीक्षण करून तिच्याविषयी आठ-दहा ओळी लिहा.